अकरा मासे

अर्धांगाच्या झटक्याने घड्याळजींचा उजवा हात गेला आणि बोलणंही अडखळायला लागलं, तेव्हा बायकोने घरात माशांची काचेची टाकी आणली. दिवसभर भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं. हौसेहौसेने तिने एकाच दिवशी अकरा मासे सोडले: सहा निऑन, तीन गप्पी आणि तळाशी हुंगत फिरणारे दोन मिशाळ. घड्याळजी खुर्ची ओढून टाकीसमोर बसू लागले. कित्येक आठवड्यांत प्रथमच हसले.

चौथ्या दिवशी एक निऑन पोट वर करून तरंगताना दिसला. घड्याळजी आंघोळीला गेले होते. तिने झटकन तो काढला, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळला, टाकी लख्ख केली आणि दुपारी ते झोपल्यावर तसाच दुसरा निऑन आणून सोडला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एक गप्पी गेला. तिने हुबेहूब तसाच शोधून आणला.

घड्याळजींनी काचेवर डावं बोट टेकवलं. "हा... तो नाही."

"अहो, तोच आहे!"

"त्याची शेपटी... फाटकी होती."

चाळीस वर्षं भिंगातून केसाएवढ्या स्प्रिंगा बघणाऱ्या माणसाला ती फसवायला निघाली होती. ती तडक माशांच्या दुकानात गेली.

"मासे सोडायच्या आधी टाकी किती दिवस नुसती चालवलीत?" मासेवाल्याने विचारलं.

"नुसती कशाला चालवायची?"

"आणि स्पंज?"

"रोज नळाखाली धुते की!"

त्याने कपाळाला हात लावला. "बाई, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाणारे जंतू त्या स्पंजात वाढतात, वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. तुम्ही रोज त्यांना मारताय. आता रोज थोडंच पाणी बदला, क्लोरीन मारणारे हे थेंब घालून. खाणं चिमूटभर. आणि नवीन मासा मागू नका, मी देणार नाही."

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. घड्याळजींनी टाकीवरची नजर तिच्याकडे वळवली.

"अजून काय... लपवलंस?"

तिला खोटं बोलवेना. "डॉक्टर म्हणाले, बोटांना पुन्हा बारीक काम जमणार नाही. दुरुस्तीला आलेली घड्याळं मी गिऱ्हाइकांना परत केली. गाळा पुढच्या महिन्याअखेर सोडायचाय."

त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस तिच्याशी एक शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक निऑन मेलेला दिसला. या वेळी तिने त्याला हात लावला नाही. "अहो, इकडे या." ते आले. डाव्या हाताने जाळी पकडून त्यांनी तो उचलला. जाळीतून पाणी फरशीवर सांडलं. तिने पुसलं नाही, नुसती उभी राहिली.

महिन्याभरात पाच मासे उरले. आणखी मरायचे थांबले, एवढंच. घड्याळजींचा राग पुरता गेला नव्हता. जेवताना मीठसुद्धा ते बोटाने दाखवून मागत.

गाळा सोडायच्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "दुकानात... घेऊन चल."

गाळ्यात रिकाम्या खिळ्यांखाली भिंतीवर गोल गोल डाग उरले होते. ते आपल्या स्टुलावर बसले. टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"मला विचारायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. ती माफी होती की नुसतं ऐकल्याची खूण, ते तिला कळलं नाही. तिने त्यांना आधार देऊन उठवलं आणि शटर खाली ओढलं.