रेषेबाहेरचा ठिपका

इंदूबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि छापील आलेखावर बोट ठेवलं.

“यातला आमचा कोणता?”

मंजुषाने चहाचा कप खाली ठेवला. ढाणकीच्या या जिनिंगच्या ऑफिसात ती दोन वर्षांनी आली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगांवरचा तिचा शोधनिबंध छापून आला होता आणि त्याच्या जोरावर उमरखेडच्या कॉलेजात तिची बढती ठरत होती. प्रत द्यायची आणि पंधरा मिनिटांत उठायचं, असं तिने बसमध्येच ठरवलं होतं.

“एक ठिपका म्हणजे एक जिनिंग,” ती म्हणाली. “आडव्या बाजूला, बोंडअळीच्या वर्षी कापसाची आवक किती घटली ते. उभ्या बाजूला, त्या वर्षी नव्या मशीनवर किती खर्च केला ते. आवक जितकी घटली तितका खर्चही कमी झाला. म्हणून रेषा अशी खाली उतरते.”

“ते समजलं. आमचा कोणता?”

मंजुषाचं बोट कागदावरून फिरलं आणि उजवीकडे, अगदी खालच्या एका ठिपक्याशी थांबलं.

“हा.”

इंदूबाई वाकून पाहत राहिल्या. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं त्या एकट्याच जिनिंग चालवत होत्या. मंजुषा माहिती गोळा करत फिरत होती तेव्हा बऱ्याच मालकांनी उभ्या उभ्या अंदाजे आकडे सांगून तिला वाटेला लावलं होतं. इंदूबाईंनी तिला तीन दिवस घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, आणि एकेक कागद काढून दाखवला.

“हा नसन, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आवक आमची अर्ध्यावर आलती, हे खरं. पण मशीन नुसत्याच उभ्या होत्या, म्हणून तवाच तं साऱ्या बदलल्या. आमचा ठिपका वर पाह्यजे. लय वर.”

मंजुषाने कागदावरचं बोट काढून घेतलं. बाहेर सरकी काढणारे रेचे एका सुरात घरघरत होते.

“तो मी काढला, काकू.”

“काहून?”

तिने आलेखाचा कागद स्वतःकडे ओढला. इंदूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

“माह्या सांगण्यात काही खोट निंघाली काय? बिलं हायेत अजून, थांबा.”

त्या कपाटाकडे निघाल्याही.

“नाही, काकू. बसा. तुमची माहिती सगळ्यांत पक्की होती.”

मग तिने सांगितलं. अशी रेषा नुसत्या योगायोगानेही दिसू शकते. तशी शक्यता पाच टक्क्यांच्या आत असली तरच निबंधाला किंमत येते. इंदूबाईंचा ठिपका धरला की ती अकरा टक्के यायची आणि रेषेचा उतार बराच कमी व्हायचा. एका संध्याकाळी तिने त्यांच्या आकड्यांची ती एक ओळ पुसून पाहिली. शक्यता तीन टक्क्यांवर आली. निबंधात तिने हे कुठेच लिहिलं नव्हतं.

बोलताना ती टेबलाच्या काचेकडे बघत होती.

“आता हे सांगतलं तं तुमच्या बढतीचं कसं?” इंदूबाईंनी विचारलं.

“थांबेल.”

“मंग राहू द्या. एक ठिपका नसला तं आमचं काय जाते?”

मंजुषाला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आलं, तेव्हा मात्र तिला तिथे बसवेना. ती उठली, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली. आणि परत येऊन तिने लॅपटॉप बाहेर काढला.

संपादकांना मेल लिहायला दहा मिनिटं लागली. इंदूबाईंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

“इंग्रजीत हाये ना? मराठीत सांगा, काय लिहिलं ते.”

“‘माझ्या निबंधात एका जिनिंगची माहिती अनवधानाने वगळली गेली आहे. ती धरल्यास निष्कर्ष टिकत नाही.’”

“अनवधानानं म्हंजे?”

“लक्ष नसताना.”

इंदूबाई नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

मंजुषाने ते वाक्य पुसलं. त्या जागी तिने ‘मी’ टाईप केलं, त्यापुढे ‘जाणूनबुजून’. मग पुढचं लिहू लागली.