अ बाटली आणि ब बाटली

मी काही गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगते. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसले, लोकांचे कपडे सैल केले, घट्ट केले, आणि ज्यांचं पोट सुटलं त्यांना तोंडावर सांगितलं की पोट सुटलंय. आमच्या वायरमननी मला कसं निभावून नेलं ते देव जाणे. वायरमन म्हणजे माझा नवरा. कारखान्यात वायरिंगचं काम करायचे, म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी त्यांना हेच म्हणत आले. नुसतं 'अहो' म्हटलं तर ओ देतील तर शपथ.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात त्यांनी माझी कपडे वाळत घालायची गॅलरी बळकावली. पाच पांढरे पाइप आणले, त्यांना वीतवीतभर अंतरावर भोकं पाडली, भोकांत जाळीच्या वाट्या बसवल्या. खाली चाळीस लिटरचं झाकणाचं पिंप, पिंपात माशांच्या टाकीला लावतात तसला पंप. पंपानं पाणी वर चढायचं, उतारानं एकेका पाइपातून मुळं भिजवत खाली यायचं आणि परत पिंपात.

"माती कुठाय?" मी विचारलं.

"माती लागत नाही."

"मग खातात काय तुमची झाडं? हवा?"

तेव्हा त्यांनी मला दोन बाटल्या दाखवल्या. एकीवर अ लिहिलेलं, एकीवर ब. झाडांचं सगळं जेवण त्या दोन बाटल्यांत. आधी पिंपभर पाण्यात अ ओतायची, ढवळायची, मग ब. दोन्ही एकमेकींत थेट मिसळायच्या नाहीत, नाहीतर पांढरा गाळ बसतो आणि झाडं उपाशी. "जावा-जावा आहेत गं ह्या," ते म्हणाले. "भरल्या घरात गुण्यागोविंदानं राहतील. दोघींनाच एका खोलीत कोंडलं की संपलं."

हसले मी. काय करणार, माणूस बोलायचाच तसा.

एक पेनाएवढा मीटरही होता. पाण्यात बुडवला की किती जेवण विरघळलंय त्याचा आकडा दाखवायचा. नऊशेच्या आसपास हवा. रोज सकाळी आंघोळ झाली की वायरमन गॅलरीत. आकडा घ्यायचे, कमी असेल तर टोपणानं मोजून अ घालायचे, ब घालायचे, आणि भिंतीवर पेन्सिलनं तारीख आणि आकडा लिहायचे. भिंत खराब होते म्हणून मी कितीदा बोंब मारली. पण लेट्यूसची पानं अशी यायची, की माझ्या गिऱ्हाइक बायका फिटिंगला आल्या की पिशवी घेऊनच यायच्या.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग बाजारातून घरी यायचा रस्ता, मग आमच्या लेकीचं नाव. डॉक्टर म्हणाले, हे आता मागं फिरणार नाही, पुढेच जाणार. हातांना सवयीचं काम असू द्या, जितके दिवस चालेल तितके दिवस. मी शिडी काढून घेतली, गॅसची शेगडी काढून घेतली, टेस्टर आणि पक्कडही लपवून ठेवली. एकेक गोष्ट काढून घेताना ते माझ्याकडे बघायचे. उरलं होतं ते एवढंच, गॅलरीतलं काम. सकाळी उठून माणसाला कुठेतरी जायचं असतं ना? त्यांना गॅलरीत जायचं असायचं.

एका सकाळी त्यांनी दोन्ही बाटल्यांतली टोपणं घातली आणि अर्ध्या तासानं घातलेली विसरून परत घातली. दुपारी परत. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मुळं तपकिरी पडली, पाचही पाइप मेले. वायरमन हातात एक मेलेलं रोप धरून उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. "मी काय केलं गं? मी काय केलं?" मी म्हटलं, ऊन लागलं. उन्हाच्या नावावर खपवलं.

त्या दिवशी मी ठरवलं. गॅलरी मी काही जाऊ देणार नाही.

नवी रोपं आणली. त्यांच्या अ बाटलीतलं औषध भुऱ्या रंगाचं असायचं, म्हणून तिच्यात कोरा चहा भरला, अगदी पातळ. ब पाण्यासारखी स्वच्छ, तिच्यात पाणीच. खऱ्या बाटल्या मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यांमागे. वायरमन आंघोळीला गेले की मी धावत गॅलरीत, अ घालायची, ढवळायची, ब घालायची, मीटर नऊशेवर आणायचा, आणि ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर यायच्या आत मशीनवर बसून सुई ओवत बसायची. मग ते जायचे. चहा घालायचे, पाणी घालायचे, चारदा घालेनात का! आकडा नऊशे. भिंतीवर नऊशे लिहून मोठ्या ऐटीत आत यायचे. "बघ, अजून हात बसलेला आहे," म्हणायचे. मी म्हणायची, "मोठे आले."

लेकीला सांगितलं तर ती चिडली. "आई, बाबांना फसवू नकोस. सरळ सांग, आता तू करशील आणि ते बघतील."

"सांगून ऐकणार आहेत? आणि ऐकलं तर मग दिवसभर काय करतील? मला टाचण्या उचलून देतील?"

"कळलं तर काय वाटेल त्यांना?"

"कळायला लक्षात राहावं लागतं," मी म्हटलं. जीभ चावली, पण बोलून गेले होते. लेकीनं फोन ठेवून दिला.

दोन महिने सगळं सुरळीत. पानं परत डोलायला लागली.

माझी चूक कुठे झाली ते सांगते. मी शिवणारी बाई, मी शेवटचं माप बघते. कपडा बसला की झालं. पण वायरमननी आयुष्यभर तारांचं काम केलेलं. बटण दाबायच्या आधीही तपासायचं, दाबल्यावरही तपासायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आजारात ते आधीचा आकडा घ्यायला विसरले होते. मी धरून चालले, विसरले ते विसरले.

गेल्या सोमवारी त्यांचं डोकं कसं कोण जाणे लख्ख उघडलं. मी मशीनवर होते, गॅलरीचं दार उघडं होतं. त्यांनी मीटर बुडवला. नऊशे. एक टोपण अ घातली, ढवळलं, परत बुडवला. नऊशे. मी पाय थांबवला. त्यांनी आणखी घातली, मग बाटलीच उपडी केली. आकडा वर जायचा सोडून उलट थोडा उतरला. त्यांनी माझ्याकडे मिठाचं पाणी मागितलं. नाही कशी म्हणू? आणून दिलं. त्यात मीटर टणकन वर चढला, म्हणजे मीटर ठणठणीत होता. मग त्यांनी बाटलीच्या तळाशी राहिलेला थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला, मग ब बाटलीतलाही.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडू देत. मी मनातल्या मनात तयारही झाले होते, की पाय धरीन, काय वाटेल ते करीन. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्यावर एकदाही आवाज चढवला नव्हता. आज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते आत आले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, जिथे गिऱ्हाइकं बसतात तिथे. आणि हळूच, खाजगीतलं सांगतात तशा आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही इथे शिवायला येता ना? एक सांगू? कुणाला बोलू नका."

माझ्या हातातून कापड खाली पडलं.

"माझ्या बाटल्यांत कुणीतरी चहा भरून ठेवलाय. दुसरीत नुसतं पाणी. ह्या घरात कुणाला तरी वाटतं की मला आता काही कळत नाही. मी रोज सकाळी उठून जातो हो तिथं. रोज. आणि कुणीतरी रोज मला हसत असेल."

"कुणी हसत नाही हो," मी म्हटलं. "कुणी नाही हसत."

"माझ्या बायकोला मात्र यातलं काही सांगू नका. तिला फार लागेल. तोंडाची फटकळ आहे, पण मनात एक आणि ओठांवर एक असं तिचं नाही. तिनं मला आजवर कधी फसवलं नाही."

मला राहवलं नाही. रडतच बोलले, "अहो, मीच केलं. मीच भरला चहा. वायरमन, मी आहे, बघा ना माझ्याकडे. माझं चुकलं."

त्यांनी बघितलं. नीट, दयेनं बघितलं. मग पुढे वाकून माझ्या हातावर थोपटलं.

"नाही हो ताई," ते म्हणाले. "तुम्ही कशाला दुसऱ्याचं पाप अंगावर घेता? तुम्ही भल्या दिसता. माझी बायको येईलच आता. ती आली की शोधून काढेल बरोबर."

आणि खुर्ची दाराकडे वळवून ते तिची वाट बघत बसले.