चेहरा गेला, कुंकू राहिलं

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं पत्र्यावर चढलेली, बाया ओसरीचे खांब धरून उभ्या, आणि सगळ्यांची नजर चौरंगावरच्या एका जुन्या फोटोवर. फोटोची काच काढून बाजूला ठेवली होती.

"काचंआड पितर गुदमरतेत," सावलीबाबा म्हणाले. भगवी लुंगी, डोळ्यांत काजळ आणि आवाज थेट मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावाचा. "ओम छाया, ओम काया! कॅमेऱ्यानं काया धरली, काळानं छाया चोरली, आता बाबा माया सोडवतो! बोला, पितरदेवता की..."

"जय!" अख्खं गाव ओरडलं. याचा अर्थ काय, असं कुणीच विचारलं नाही. अर्थ नसला की मंत्र जास्त खरा वाटतो.

गाव चाकूरजवळचं आणि घर व्यंकटरावांचं. फोटो त्यांच्याच घरचा होता, पन्नासेक वर्षांपूर्वी उदगीरच्या जत्रेत काढलेला. खुर्चीवर पागोटं घातलेले आजोबा, मागे त्यांची तरुण सून साखराबाई, तिच्या कडेवर तान्हा व्यंकट. मी वैष्णवी, लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुट्यांमध्ये गावोगाव जाऊन लोकांचे जुने फोटो स्कॅन करून देते, फाटलेले जोडून देते, ओल लागलेले वाळवून देते. हा फोटोही मागच्या उन्हाळ्यात मीच चौकटीतून काढून साफ केला होता. म्हणून तर व्यंकटरावांची विधवा भावजय सिंधू हिने मला फोन केला होता, "ताई, बाबा घरी फोटोची पूजा करून गेले, तवापासनं आजोबाचं तोंड गेलंय. तुमी या."

मी आले तेव्हा खरंच गेलं होतं. पागोटं होतं, उपरणं होतं, मधे नुसता पिवळट डाग.

बाबांनी भस्म कालवलेल्या पाण्यात कापूस बुडवला आणि त्या डागावर टेकवला. आधी दोन भुवया आल्या. मग मिशा. मग म्हाताऱ्याचे रोखून बघणारे डोळे. बाया हुंदके देऊ लागल्या, व्यंकटरावांनी जमिनीवर लोटांगण घातलं.

"पितर आले. आता समद्यांची पूजा," म्हणत बाबांनी दोन वाट्यांतलं पिवळं गंध कापसाने फोटोतल्या एकेका चेहऱ्याला लावलं. साखराबाई समोर पाटावर बसली होती. वयाने वाकलेली, पण डोळे फोटोतल्यासारखेच टपोरे. हात जोडून ती आपलंच तरुण रूप बघत होती.

आणि ते रूप जायला लागलं.

गाल फिके पडले. डोळे विरघळले. ओठ, हनुवटी, सगळं पाण्यात साखर विरघळावी तसं गेलं. राहिलं फक्त कपाळावरचं ठसठशीत कुंकू आणि नाकातली नथ. चेहरा नसलेल्या जागी ती दोन्ही अधांतरी लटकत होती.

कुणीतरी किंचाळलं. साखराबाईने दोन्ही हातांनी आपलं तोंड चाचपलं, ते अजून जागेवर आहे का बघायला. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं, पण त्या क्षणी एक समीकरण आठवेल तर शपथ. मी दोन पावलं मागे सरकले.

"ज्याचं तोंड फोटोतून गेलं, त्यो मानूस फोटोच्या मागं जातो," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "ह्या म्हातारीचं तोंड कुनीतरी खाल्लंय. भायेरचं न्हाई, घरातलंच हाय." आणि त्यांनी मान वळवून सिंधूकडे बघितलं.

सगळं अंगण सिंधूकडे बघायला लागलं.

"मी काय केलं?" ती एवढंच म्हणाली. तिच्या शेजारच्या बाया हळूच बाजूला सरकल्या.

"म्हातारीची सुई बंद. औषध-पानी बंद. उंबरा वलांडायचा न्हाई. पुनवेला हिनं समद्यांपुढं कबूल व्हायचं आन् घर सोडायचं. तवाच तोंड माघारी येईल," बाबांनी हुकूम सोडला. "आन् व्यंकटराव, रोडकडचा जमिनीचा तुकडा बाबाच्या छायापीठाला. पितरांना बसाया जागा नको का?"

मी धीर करून पुढे झाले. मोबाईलमधला स्कॅन दाखवला. "हे बघा, आजींचा चेहरा माझ्याकडे आहे. घाबरू नका. आणि इन्सुलिन बंद करू नका हो, त्याने जीव जाईल."

"मोबाईलातली छाया खोटी असती, पोरी," बाबा हसले. "तुज्या बी घरी फोटो हाईत ना? जपून ऱ्हा."

सांगायला लाज वाटत नाही, लातूरच्या एसटीत बसल्यावरही ते वाक्य माझ्या पाठीवर बसून होतं. खिडकीतून सोयाबीनची रानं मागे पळत होती आणि मला दिसत होतं ते फक्त अधांतरी कुंकू.

त्या कुंकवानेच मला भानावर आणलं. चेहरा गेला, मग कुंकू का राहिलं? मागच्या उन्हाळ्यात भिंगातून बघताना मला कळलं होतं की ते कुंकू आणि ती नथ फोटोत उमटलेली नाहीत, स्टुडिओवाल्याने नंतर ब्रशने शाईत काढली आहेत. तेव्हा अशी पद्धतच होती. म्हणजे हे भूत चेहरा खात होतं आणि शाई सोडत होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोतला चेहरा म्हणजे चांदीचे बारीक कण. शाईत चांदी नसते. चांदी तेवढी ओळखून खाणाऱ्या भुताने कुठेतरी फोटो धुतलेले असले पाहिजेत!

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या तयार केल्या. एकीत पिवळं पाणी, त्याने चांदीचा फिका क्षार होतो आणि चित्र दिसेनासं होतं. कागदातून मात्र ते जात नाही. दुसरीत फोटो धुण्याचं औषध, ते लावलं की तोच क्षार पुन्हा काळी चांदी होतो. अनोळखी लग्नातल्या एका टाकाऊ फोटोवर करून बघितलं. गेलं आणि परत आलं.

तेवढ्यात सिंधूचा फोन आला. आवाज इतका दबका की आधी ओळखूच आला नाही. "ताई, आत्याबाई उठंना गेल्यात. उलट्या करूलाल्यात. मला गोठ्यात कोंडलंय, फोन पदरात लपवून बोलूलाले. लोकं मनूलालेत, म्हातारी गेली तर हिला बी सोडायचं न्हाई." मागे कुणाचातरी आवाज आला आणि फोन बंद झाला.

सासू साखराबाई आणि इतर सुना-नातवंडांच्या त्या घरात सिंधूच्या बाजूचं कुणीच नव्हतं. नवरा गेलेला, माहेर किनवटकडच्या जंगलातलं. मी चाकूरच्या पोलीस ठाण्याला फोन केला. जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेतल्यावर जीप पाठवतो म्हणाले. १०८ ला गावचा पत्ता दिला. माझ्या आईने, सौदामिनीने, हे सगळं ऐकलं, कपाट उघडलं आणि स्वतःच्या लग्नाचा फोटो पिशवीत घातला.

"हा कशाला?"

"त्या लोकांना परक्याचा फोटो चालणार नाही गं. जिवंत माणसाचा लागेल. माझा पूस."

"आई, तुझा एकच आहे तो."

"मी पण एकच आहे. चल."

आम्ही गाडी घेऊन पोचलो तर अंगण पुन्हा भरलेलं. ओसरीत बाजेवर साखराबाई निपचित पडली होती. श्वास खोल, धापेचा, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. सुई बंद झाल्यावर रक्तात विष चढतं, त्याचा तो वास होता. फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती, पण गावाने ती अडवली होती.

"तोंड आल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई मनले बाबा," व्यंकटराव रडत म्हणाले. "माय हाय माजी, ताई. मी कसा धोका घेऊ?"

"तोंड आलं तर नेऊ द्याल?"

"हाव."

बाबा उठले. "कोन तू? पितरांच्या मधी येऊलालीस? तुज्या घरचं जितं मानूस पनाला लाव, मग बोल!"

"लावलं," आई म्हणाली आणि गर्दीच्या मधोमध खुर्ची ओढून बसली. "हा माझा फोटो. ही माझी पोरगी. पूस गं."

मी बाटलीत कापूस बुडवला आणि हात थांबला. मला सगळं माहीत होतं. क्षार, चांदी, सगळं. तरी आपल्या हाताने आपल्या आईचा चेहरा पुसायचा म्हटल्यावर कापूस पुढे नेववेना. ही भीती इतकी जुनी आहे की ती पुस्तकं वाचत नाही. गर्दीतल्या कुणाला मी त्या क्षणी हसू शकले नसते.

"वैष्णवी," आई म्हणाली, "पूस."

मी कापूस टेकवला. फोटोतली नवरी फिकी झाली, गेली. मुंडावळ्यांच्या मधे रिकामी जागा राहिली. सगळे फोटो सोडून आईकडे बघायला लागले. आणि नेमका त्याच वेळी आईला ठसका लागला. ती वाकून खोकायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. बायांनी "अगं बया!" म्हणून तोंडाला पदर लावला. बाबांच्या ओठांवर हसू फुटलं. मी जागच्या जागी गारठले.

"पाणी द्या की कुणीतरी," आई धापा टाकत म्हणाली. "कधीपासून मिरच्या तळताय तिकडे, ठसका लागला नुसता."

कुणीतरी भीत भीत हसलं. मी पाण्याने फोटो पुसून दुसऱ्या बाटलीतला कापूस लावला. नवरीचे डोळे आले, नाक आलं, लाजरं हसू आलं. आई तांब्याने पाणी पीत होती.

"व्यंकटराव, इकडे या. मी नाही, तुम्हीच लावा," मी म्हणाले. "मंत्र नको, उपास नको. नुसतं लावा."

साखराबाईचा फोटो धरून त्यांनी कापूस टेकवला. कुंकवाखाली आधी भुवया उमटल्या, मग नथीभोवती नाक, मग ते टपोरे डोळे. कडेवरच्या तान्ह्या व्यंकटाला धरलेली त्याची माय परत आली.

"औषधाचं पानी हाय हे?" त्यांनी विचारलं.

"फोटो धुण्याचं. बाबांच्या भस्मातही हेच. आणि दोन वाट्यांतल्या एकीत हळद, दुसरीत हे पिवळं, ते फक्त आजींना लावलं. विचारा त्यांना, दुसरी वाटी चाखून दाखवतील का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. चौरंगाशी कुणीच नव्हतं. बाबा गोठ्यामागच्या वाटेने रोडकडे निघाले होते, आणि रोडवर जीप उभी होती. त्यांच्या झोळीत दोन्ही बाटल्या सापडल्या. राज्याच्या सीमेकडच्या कुठल्याशा गावात ते फोटो स्टुडिओत कामाला होते, रंगीत फोटो आले आणि स्टुडिओ बंद पडला, हे पुढे पोलिसांकडून कळलं.

आम्ही त्यांच्यामागे गेलो नाही. बाज उचलून रुग्णवाहिकेत घातली. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर हात टेकले असते." साखराबाई वाचली.

पण सगळंच परत आलं नाही. त्या दिवशी रुग्णवाहिकेमागे गावातून निघताना शेजारचे गुरुबसप्पा माझ्या गाडीशी आले. बाबांनी घाबरवल्यावर गावातल्या बऱ्याच घरांनी जुने फोटो जाळले होते. गुरुबसप्पांची मुलगी आरती लहानपणी तापाने गेली होती. तिचा एकच फोटो होता, तो त्यांनी स्वतः चुलीत घातला होता. मुठीतली पुडी उघडून त्यांनी मला राख दाखवली.

"ताई, ह्याला लावा की ते पानी."

"काका, ह्याला नाही हो येत."

मग त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली.

सिंधूला गोठ्यातून मीच बाहेर काढलं होतं. साखराबाई घरी आल्यावर व्यंकटराव सिंधूपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलं माजं. फोटोनं लई भ्या घातलं बग."

सिंधू शांतपणे म्हणाली, "मला फोटोचं भ्या न्हवतं, भाऊजी. तुमचंच होतं."

वाचकहो, भीती सगळ्यांनाच वाटते. मलाही वाटली. तिची लाज नको. पण घाबरल्यावर लगेच कुणाकडे बोट दाखवू नका, कुणाचं औषध बंद करू नका, काही जाळू नका. आधी एवढंच विचारा, "काय लावलं? कसं केलं? मला करून बघू द्या." करून बघू देत नसेल, तर तो चमत्कार नाही. फोटोतला चेहरा पुसला म्हणून कुणी मरत नाही. सुई बंद केली तर माणूस मरतो. आणि घराने संशय घेतला, तर बाई जिवंतपणीच मरते.