ऐकत नाही

शाळेतून तिसऱ्यांदा बोलावणं आलं, तेव्हा तिने बस डेपोत लावली आणि गणवेश न बदलताच ती तडक निघाली. बाईंनी तिला वर्गाच्या दारातच गाठलं.

"तुमची मुलगी ऐकत नाही. समोर उभं राहून सांगितलं तर करते, पण मी फळ्याकडे वळले की पालथ्या घड्यावर पाणी. वर दिवसभर ते गुणगुणणं. बाकीच्यांनी लिहायचं कसं?"

मुलगी सात वर्षांची होती. उठता-बसता, खाता-पिता तोंडाने एक बारीक सूर चालू असायचा, म्हणून घरात तिचं नाव भुंगा पडलं होतं. लाडाने पडलेलं ते नाव शाळेत पोचलं आणि तिथे त्याला काटे फुटले.

पहिल्या डॉक्टरांना दहा मिनिटं पुरली. भुंगाने त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवला, हाक मारली तर वळली नाही, खुर्चीवरून दोनदा उतरली. "अतिचंचल आहे," ते म्हणाले आणि गोळी लिहून दिली. गोळीने भुंगाची भूक गेली. ती खिडकीपाशी तासन्‌तास बसू लागली. शाळेतल्या बाई खूश झाल्या. ही बसलेली पोर आपली नव्हे, असं आईला मात्र वाटत राहिलं.

दुसऱ्या ठिकाणी साठ प्रश्नांचा कागद भरून घेतला. नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देते का? क्वचित. इतर मुलांच्या गप्पांत भाग घेते का? नाही. तोच तोच आवाज काढते का? दिवसभर. कागदाची बेरीज झाली आणि ऑटिझम हा शब्द तिच्या हातात आला. तो घेऊन ती घरी आली. चपला काढायचंही तिला भान राहिलं नाही, स्वयंपाकघरात ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिली.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "दोन डॉक्टर, दोन आजार. तिसऱ्याकडे जाशील तर तिसरा निघेल. थांब आता."

"आजार असला तर असू दे. पण जो आहे तो सांगा. अंदाजपंचे नको."

"आणि कुणालाच कळलं नाही तर?"

हा प्रश्न बस चालवतानाही तिचा पिच्छा सोडेना. स्टिअरिंगवर तिची बोटं तबला वाजवायची, सिग्नल हिरवा व्हायच्या आत पाय क्लचवर चुळबुळायचा. एके दिवशी तर ठरलेला थांबाच मागे राहिला आणि प्रवाशांनी तिचा उद्धार केला.

त्याच आठवड्यात ते घडलं. भुंगा रस्त्याच्या कडेने तिच्या दहा पावलं पुढे चालली होती. गल्लीतून एक ट्रक रिव्हर्समध्ये बाहेर येताना दिसला. तिने हाक मारली. पुन्हा मारली. भुंगा आपल्याच नादात पुढे. ती धावली, पोरीला दंडाला धरून मागे ओढलं आणि भीतीने म्हणा, रागाने म्हणा, एक थोबाडीत ठेवून दिली. भुंगा रडली नाही. आपलं काय चुकलं ते शोधत आईच्या तोंडाकडे बघत राहिली. ती नजर पुढे कितीतरी दिवस तिला खात होती.

सरकारी दवाखान्यात मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ बाई होत्या. नंबर लागायला चार महिने गेले. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, पायात कापडी बूट. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. भुंगाबरोबर जमिनीवर बसून अर्धा तास ठोकळे रचले. मग खुर्चीत येऊन म्हणाल्या, "सांगा."

"ऐकत नाही," ती म्हणाली. वर्षभर हेच वाक्य घेऊन ती दारोदार फिरत होती.

"म्हणजे कसं? सांगितलेलं करत नाही, की ऐकू येत नाही?"

ती गोंधळली. "ऐकू येतं. शाळेत मशीन लावून कान तपासले होते. ठीक निघाले."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"सर्दी होते का हिला?"

"थंडी पडली की नाक कायम वाहतं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "घरात कुणाचंच ऐकत नाही?"

"सासूबाईंचं ऐकते. त्यांच्या एका शब्दात उठते. आम्ही म्हणतो, आजीचा धाक आहे."

"आजी बोलतात कशा?"

"त्यांना स्वतःलाच कमी ऐकू येतं," ती म्हणाली, "म्हणून त्या खूप मोठ्याने..." आणि तिथेच थांबली.

त्याच दुपारी कानांची तपासणी झाली. आवाजबंद खोलीत भुंगाला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. काचेपलीकडे आई उभी होती. कान तपासणाऱ्या बाई बटण दाबत होत्या, आवाज वाढवत होत्या आणि भुंगा मणी हातात धरून वाट बघत होती. किती शहाण्यासारखी वाट बघत होती. अतिचंचल म्हणे. तिला काचेवर डोकं टेकवावंसं वाटलं.

दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साठलं होतं. सर्दीबरोबर वाढायचं, उन्हाळ्यात ओसरायचं. कानात बोटं घालून जगाचं बोलणं ऐकावं, तसं तिचं चाललं होतं. स्वतःचा सूर मात्र तिला आतून स्वच्छ ऐकू यायचा.

"मी तिला मारलंय," ती तज्ज्ञ बाईंना म्हणाली. "ऐकलं नाही म्हणून."

बाईंनी लगेच धीर दिला नाही. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "माझ्या खुर्चीतल्या लोकांनीही आधी कान बघायला हवे होते. तुम्ही फिरत राहिलात म्हणून ती इथवर आली. आता पुढचं बघू. गोळी हळूहळू बंद करू. कानांचं काम आधी."

"मग ऑटिझम नाही ना?"

"आज मी हो लिहिणार नाही आणि नाहीही लिहिणार नाही. बोलणं दीड-दोन वर्षांनी मागे आहे. कान मोकळे झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा सगळं तपासू."

महिन्याभरात छोटीशी शस्त्रक्रिया होऊन पडद्यांत बारीक नळ्या बसल्या. घरी येताना बसच्या ब्रेकचा आवाज झाला आणि भुंगा आईच्या कुशीत शिरली. घरी नळ, मिक्सर, दाराची कडी, सगळ्यांशी तिचं भांडण. सासूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली, तर तिने कानांवर हात ठेवले. "आजी, ओरडू नको." सासूबाई दिवसभर फुगून बसल्या.

गुणगुणणं कमी कमी होत गेलं. घर शांत झालं तशी आईची बेचैनी उलट वाढली. भांडी घासताना ती मधेच हात थांबवायची, पोर आहे ना घरात म्हणून डोकावून बघायची.

सहा महिन्यांनी बाईंनी तीन दिवस, थोडं थोडं करून सगळं पुन्हा तपासलं. लक्ष वयाला साजेसं होतं. ऑटिझम नव्हता. पण भाषेची अडचण खरीच होती, आणि ती सगळी कानांमुळे नव्हती. लांबलचक वाक्य तिच्या डोक्यात अर्ध्यावर तुटायचं. आठवड्यातून दोनदा बोलण्याचे वर्ग, किती वर्षं ते सांगता येत नव्हतं. अहवाल सहा पानांचा होता. नवऱ्याने तो उभ्याउभ्याच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला.

"हे मात्र आपल्या पोरीबद्दल लिहिलंय," तो म्हणाला.

शाळेतल्या बाईंनी भुंगाला पहिल्या बाकावर आणलं. चार दिवसांनी ती तणतणत घरी आली. "पहिला बाक नको. खडू किरकिर करतो. बाई कागद चुरगाळतात. मला तिसरा पाहिजे."

तिने इतकं लांब बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने दुपारची पाळी बदलून घेतली आणि बाक बदलून मागायला ती शाळेत गेली. या खेपेला तिला कुणी बोलावलं नव्हतं.