डेल्मरने हात लावला नाही

घर विकून लेक्सिंग्टनला लेकीकडे जायचं माझं पक्कं झालं होतं. घेणाऱ्यांनी घर तपासायला डेल्मर कूंट्सला पाठवलं. तो कामाला होता ती कोळशाची खाण बंद पडल्यावर पन्नाशीत पुस्तकं हातात धरून, दोनदा नापास होऊन, त्यानं केंटकी राज्याचा तपासनीसाचा परवाना मिळवलेला. त्याआधी खाणीचं काम सांभाळून आमच्या डोंगरातल्या घरांची डागडुजीही तोच करायचा. म्हटलं, आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल.

कसलं काय! तळघरातून तो तोंड पाडून वर आला.

"व्हर्नाबाई, पाणी तापवायच्या टाकीचा धुराड्यात जाणारा पाइप सुटलाय. विषारी वायू घरात पसरतोय. गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर चला."

सगळं केलं. अंगणात आल्यावर म्हटलं, "आता जोड की. दोन स्क्रूंचं तर काम."

"मला जोडता येणार नाही."

"तुला? मग माझ्या छपराचे पत्रे काय भुतानं बसवले?"

"ज्यानं तपासलं, त्यानं त्या घरात दुरुस्ती करायची नाही. कायदा आहे. परवाना जाईल माझा."

"अरे, इथे बघतंय कोण? आणि अहवालात लिहूही नकोस. गिऱ्हाईक पळालं तर या घरात मी एकटीच कुजेन."

त्यानं सरळ दुरुस्तीवाल्या लोवेलला फोन लावला. मी त्याला नाही नाही ते बोलले, परवाना उशाशी घेऊन झोप म्हटलं. त्यानं स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि पायरीवर शेजारी बसला. हात मात्र शिवशिवत होते त्याचे, सारखा खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपत होता.

लोवेल आला, खाली जाऊन पाइप बघितला, मग छपरावर चढला. उतरला तो गंभीर चेहऱ्यानं.

"धुराड्याच्या विटा आत ढासळल्यात. गच्च बंद आहे. नुसता पाइप जोडला असता ना, तर खालून सगळं ठाकठीक दिसलं असतं आणि वायू घरातच येत राहिला असता."

डेल्मरनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पायरीवर ठेवला.

"पूर्वीचा मी असतो तर जोडला असता," तो हळूच म्हणाला. "जोडून, तुमच्या हातची कॉफी पिऊन घरी गेलो असतो."

आणि मी निवांत झोपले असते. केवढा मोठा माणूस, आणि मी त्याला काय काय बोलले होते.

"डेल्मर," मी म्हटलं, "सगळं लिही. विक्री मोडली तर मोडू दे."