रिव्हिजनचा रकाना

सोमवारी धारगळच्या ऑफिसात साहेब गौरेशने सगळ्यांदेखत म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनला, गोकुळदासांना, झापलं. "तुमच्या ड्रॉइंगची तिसरी रिव्हिजन सिस्टीममध्ये पहिली म्हणून चढलीय! साइटवाल्यांनी दुसरीच नवी समजून पाया भरला. टायटल ब्लॉक भरता येत नसेल तर घरी बसा, काका."

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकचे, म्हणजे माहितीच्या चौकोनाचे, रकाने सिस्टीमला जोडायचं काम त्याच ऑफिसातल्या त्यांच्या मुलीचं, तनयाचं. या वेळी रिव्हिजनच्या जागी तिने शीट नंबरचा रकाना जोडला होता. शीट एक, म्हणून रिव्हिजनही एक. तिच्या ते तिथेच लक्षात आलं, पण तिने मान वर केली नाही. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ते गौरेशला म्हणाले. घरी जाताना त्यांनी रोजच्यासारखे पाव घेतले.

मंगळवारी सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले.

तेराव्यानंतर तनया कामावर आली. गौरेश नव्या ड्राफ्ट्समनला, महेशला, बजावत होता, "नीट भर रे. नाहीतर गोकुळदास व्हायचा तुझा!" तो हसला, आजूबाजूचेही हसले.

तनया उभी राहिली.

"दात काढू नकोस, गौरेश. बाबांचं ड्रॉइंग बरोबर होतं. रकाना मी चुकीचा जोडला. तू त्यांना बोलत होतास, तेव्हा मला ते ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले."