मी आहे ना

कारखान्यात आला तेव्हा त्याला इथल्या भाषेतले दोनच शब्द यायचे. हो आणि नाही. त्यातला कुठला कधी वापरायचा, तेही दाजी सांगायचे.

दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. त्यांनीच त्याला इथं आणलं, फर्निचरला पॉलिश मारायच्या कामावर लावलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं. "भाषा कशाला शिकायची तुला? मी आहे ना." तीन वर्षं हे वाक्य तो पांघरुणासारखं ओढून झोपला.

त्याला एकच हवं होतं. हेड पॉलिशवाल्याची जागा. ती मिळाली की कंपनीच्या दोन खोल्या, म्हणजे बायको आणि लेक इकडे. दाजी कारखान्याच्या मॅडमना विचारायचे आणि सांगायचे, "बघू म्हणतायत."

एक दिवस दाजी तापानं खोलीवरच होते. कँटीनच्या मावशींनी चहा ठेवला आणि चक्क त्याच्या भाषेत म्हणाल्या, "एवढा चांगला हात तुझा, आणि जागा दोनदा नाकारलीस? भाव खातोस होय रे?"

तो बघतच राहिला. मावशी आपल्याकडच्या? दाजींनी तर बजावलेलं, ती बाई चुगलखोर, तिच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस.

"मी कधी नाकारली?"

"मॅडमनी माझ्यासमोर विचारलं. दाजी म्हणाले, त्याला जबाबदारी नको, माझ्या हाताखालीच बराय."

"आणि मी कुठं होतो?"

"तिथंच की. मान डोलवत होतास. हसतही होतास."

संध्याकाळी त्यानं दाजींना विचारलं. दाजींनी आधी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तू वर गेला असतास तर मला कशाला विचारलं असतंस? माझं तरी इथं दुसरं कोण आहे?"

ते खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

मावशींनी मात्र त्यालाही सोडलं नाही. "त्यांचं चुकलंच. पण तीन वर्षांत तू मला साधं 'कशा आहात' विचारलंस? एकाच दाराचं घर बांधलंस आणि किल्ली दुसऱ्याकडे दिलीस."

जागा एव्हाना दुसऱ्याला गेली होती. तो रोज चहाबरोबर मावशींकडून चार शब्द घेऊ लागला. वर्षभरानं तीच जागा पुन्हा रिकामी झाली. तेव्हा तो एकटाच मॅडमसमोर गेला आणि मोडक्यातोडक्या भाषेत स्वतः मागितली. मिळाली!

बायको आणि लेक आल्या. लेकीच्या शाळेत बाईंनी बायकोला काहीतरी विचारलं. ती बावरून याच्याकडे बघायला लागली.

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड कडू झालं. सूर हुबेहूब दाजींचा होता.

तो दोन पावलं मागं सरला. "लेकीचं नाव विचारतायत. तूच सांग. चुकलं तर चुकू दे."

तिनं सांगितलं. बाई हसल्या.

मंडळी, नव्या ठिकाणी आपल्या माणसाचा आधार हवाच. पण आधार एकच असला की त्याचं कुंपण कधी होतं ते कळत नाही. तुमच्याकडे कोणी नवीन आलं असेल, तर ते कसे आहेत हे त्यांच्या नातेवाइकाला विचारू नका. त्यांनाच विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.